तुळाजीनं ठेवलेली टीप

एका गावात एक भोळा गडी होता. त्याचं नाव तुळाजी. गाव त्याला भोळा म्हणायचं, कारण त्याची आई तोंडाची तिखट होती. आई जवळपास नसली की गाव दुसरा शब्द वापरायचं.

तुळाजीचं वय चौतीस, लग्न झालेलं नव्हतं. तसा धडधाकट. चार एकर रान, गोठ्यात दोन म्हशी, दारू नाही, तंबाखू नाही. दोष एकच. तो सांगितलेलं ऐकायचा. बाकीचे लोक सांगितलेलं ऐकत नाहीत, म्हणून त्यांचं बरं चाललेलं असतं. तुळाजी शब्द न शब्द ऐकायचा आणि वर तसं वागायचा.

अकरा स्थळं येऊन गेली होती. तुळाजीचे मामा, रंगराव, यांच्या तीन जोड चपला झिजल्या. बारावं स्थळ आलं ते तालुक्याच्या दौलततात्यांच्या लेकीचं. तिचं नाव उज्ज्वला.

दौलततात्यांची तालुक्याला खानावळ होती. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी शहरात वेटरची नोकरी केली होती. बावीस वर्षं लोकांना वाढून त्यांना माणूस ओळखता येत होता. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं.

ते मामांना म्हणाले, "पाव्हणं, मला पत्रिका नको, सातबारा नको. पोराला म्हैन्याभरानं माझ्या खानावळीत जेवायला आणा. जेवल्यावर वाढणाऱ्याला टीप किती देतो आन् कशी देतो, तेवढं मी बघणार. वाढप्याला जो माणूस समजतो, त्यालाच माझी लेक."

सातबारा नको म्हणणारा मुलीचा बाप मामांनी जन्मात पहिल्यांदाच पाहिला. त्यांना गहिवरून आलं. हे स्थळ हुकलं तर आपला भाचा म्हशींच्या संगतीतच म्हातारा होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

टीप किती द्यावी, हे मामांनी आधी गावात विचारून घेतलं. गुरुजी म्हणाले, दहा टक्के. दहा टक्के त्यांनी तीस वर्षं शिकवले होते, दिले कधीच नव्हते. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "टीप कशापायी? पगार आसतो की त्यास्नी." चेअरमनांना स्वतःला पगार नव्हता. बंगला तेवढा दोन मजली होता.

मामा भाच्याला घेऊन सरावासाठी फाट्यावरच्या हॉटेलात गेले. तिथे परशुराम नावाचा वेटर होता. त्यानं वाढलं, पाणी दिलं, कांदा मागितला तर कांदा आणला. मामांनी पैसे भरले. परशुराम बडीशेपेची ताटली टेबलावर ठेवून हसत उभा राहिला. शिकलेली माणसं अशा वेळी एकदम फोनवर बोलायला लागतात. तुळाजीजवळ फोन नव्हता. त्यानं अर्धी बडीशेप तोंडात टाकली, अर्धी खिशात टाकली, आणि पाहिलं तर परशुराम अजून उभाच.

तुळाजी उठला. त्यानं आपली खुर्ची पुढे केली.

"बसा की. सकाळधरनं उभं हाय तुमी."

आठ वर्षांत परशुरामला कुणी बसा म्हटलं नव्हतं. पण बसून घरी काय नेणार? तो मान हलवून आत गेला.

बाहेर येताच मामा कडाडले, "आरं, ज्यानं वाढलं त्येच्या हातावर ईस रुपये ठेवायचं आसत्यात!"

"आसं व्हय? आता ध्यानात ठेवतो," तुळाजी म्हणाला. आणि ठेवलं.

चार दिवसांनी सरपंचांच्या घरी सत्यनारायण होता. गावजेवण होतं. सरपंचांच्या मंडळी स्वतः पंगतीत जिलेबी वाढत फिरत होत्या. तुळाजीच्या पानात त्यांनी दोन वेढे टाकले. तुळाजीनं त्यांचा पाकानं भरलेला हात धरला आणि त्यावर वीसची नोट चिकटवली.

सगळी पंगत जेवायची थांबली. बाई नोटेकडे बघत राहिल्या.

"ह्ये काय?" सरपंच ओरडले.

"टीप. वाढायला चांगल्या हैत," तुळाजी म्हणाला.

"दीड लाख घातलं म्या जेवणावळीला! आन् तू ईस रुपये देतोस?"

म्हणजे सरपंचांना राग नेमका कशाचा आला होता, ते त्यांनाच विचारायला हवं. मामांनी तुळाजीला हाताला धरून बाहेर ओढलं.

"गाढवा, पूजेच्या घरी पैसं देत्यात का? जेवून उठायचं, हात जोडायचं, 'अन्नदाता सुखी भव' म्हणायचं आन् सरळ चालू लागायचं!"

"आसं व्हय? आता ध्यानात ठेवतो." आणि ठेवलं.

पुढच्या रविवारी पुन्हा फाट्यावरचं हॉटेल. मामांनी या वेळी पैसे तुळाजीच्या खिशात घातले. माणूस देण्याघेण्यातून शिकतो, असा त्यांचा विचार. तुळाजीनं मटणाची थाळी खाल्ली, चार जादा भाकरी खाल्ल्या, वर बासुंदीच्या दोन वाट्या. मामा हात धुवायला गेले. तेवढ्यात तुळाजी उठला, परशुरामसमोर हात जोडले, मोठ्यानं "अन्नदाता सुखी भव" म्हणाला आणि सरळ चालू लागला.

परशुराम त्याच्या मागे एसटीच्या थांब्यापर्यंत पळाला. हातात वाढायचा डाव होता. थांब्यावरच्या लोकांना वाटलं, हॉटेलवाला घरपोच वाढायला लागला.

मामा धापा टाकत आले. त्यांनी परशुरामचे पैसे दिले, माफी मागितली आणि मग भाच्याकडे वळले.

"आरं, हाटेलात आधी बिल भरायचं! आन् बिल भरलं की त्येच्या वर धावा हिस्सा द्यायचा. शंभराला धा. समजलं?"

"आसं व्हय? आता ध्यानात ठेवतो." आणि ठेवलं.

मार्चअखेर आली होती. तुळाजी घरपट्टी भरायला ग्रामपंचायतीत गेला. बिल होतं बाराशेचं. त्यानं बाराशे मोजून दिले, पावती घेतली, आणि शंभराची एक अन् विसाची एक अशा दोन नोटा ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या पुढे ठेवल्या.

"ह्ये कशाचं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"टीप. बिल भरलं की वर धावा हिस्सा."

मागे सहा माणसं रांगेत उभी होती. भाऊसाहेब सचोटीचे. चारचौघांत त्यांनी कधी एक पैसा घेतला नव्हता. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"आरं बाबा, आसं वरनं देत्यात का? टेबलाखालनं द्यायचं आसतंय!"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण रांगेतल्या कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. दोघांनी तर मान डोलावली.

"आसं व्हय? आता ध्यानात ठेवतो," तुळाजी म्हणाला. नोटा उचलल्या, खिशात घातल्या आणि ध्यानात ठेवलं.

तात्यांनी दिलेला महिना संपायला आठ दिवस उरले. मामा शेवटच्या सरावाला घेऊन गेले. या वेळी सगळं सुरळीत चाललं होतं. तुळाजीनं जेवण केलं, आधी बिल भरलं. मामांना बरं वाटलं. कितीही केलं तरी बहिणीचा पोर, असं काहीतरी ते बोलायला गेले, तर समोरची खुर्ची रिकामी.

तुळाजी टेबलाखाली होता. हातात तीस रुपये होते. आता तिथून परशुरामचे पाय शोधायचे. पण परशुराम आत चटणी आणायला गेलेला. तुळाजीला शेजारच्या टेबलाखाली दोन पाय दिसले. तो रांगत तिकडे गेला. त्यानं नोटा चपलेच्या पट्ट्यात खोचल्या आणि हळूच म्हणाला,

"घ्या की. कुणी बघत न्हाई."

ते पाय एका निवृत्त बँक मॅनेजरांच्या पत्नीचे होते. त्या अशा किंचाळल्या की आचारी झारा घेऊन बाहेर आला. मॅनेजरसाहेबांनी हाताला लागला तो पाण्याचा जग घेतला. त्यातलं निम्मं पाणी तुळाजीच्या डोक्यावर गेलं आणि निम्मं मामांच्या.

घरी येताना वेशीपाशी मामा थांबले. त्यांनी तुळाजीचे दोन्ही खांदे धरले.

"नीट ऐक. तुझ्या लग्नाचा प्रश्न हाय. बिलाचं पैसं तू द्यायचं. त्यो मानूस आत जाईल. मग बडीशेपेची ताटली घेऊन तुझ्याम्होरं येईल. माघारी द्यायला जे काय आणलं आसंल, त्येला हात लावायचा न्हाई. हात जोडायचं आन् म्हणायचं, 'ऱ्हाऊ द्या, तुमालाच ठेवा.' म्हणायचं आन् निघायचं. मागं वळून बघायचं न्हाई. द्यायला आणलेलं उचलून न्हेतो, त्यो हलका मानूस."

"कितीबी आसलं तरी?"

"कितीबी आसलं तरी!" मामा वैतागून म्हणाले. त्यांचा हिशेब सोपा होता. तुळाजीला द्यायच्या नोटाच ते अशा बेतानं देणार होते की दहावा हिस्साच माघारी यावा.

"आसं व्हय? आता ध्यानात ठेवतो."

परीक्षेचा दिवस उजाडला. दौलततात्या आणि उज्ज्वला मुदपाकखान्याच्या पडद्याआड उभे राहिले. वाढायला गोविंदा नावाचा म्हातारा वाढपी होता. तुळाजी जेवला. बिल झालं एकशे ऐंशी. त्यानं मामांनी दिलेली दोनशेची नोट दिली. गोविंदा आत गेला, बडीशेपेची ताटली आणि विसाची नोट घेऊन पुढे आला. तुळाजीनं हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या, तुमालाच ठेवा."

आणि मागे न बघता बाहेर पडला.

पडद्याआड तात्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले. "मानूस हाय! हात जोडून देतोय बघ. बावीस वर्सांत मला कुणी हात जोडलं न्हाईत." उज्ज्वलानं फक्त विचारलं, "ह्ये एवढंच बोलत्यात का?" पण सोयरीक जुळत आली की मुलीच्या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही. तिलाही दिलं नाही.

लग्न तात्यांच्याच खानावळीच्या अंगणात झालं. आता मुलींचे दिवस आलेत, तेव्हा खर्च मुलाकडचा, जेवण तात्यांचं, असं ठरलं होतं. मंगलाष्टका झाल्या. अक्षता पडल्या. सातशे माणूस जेवलं आणि त्यातल्या सहाशेंनी वांग्याच्या भाजीला नावं ठेवली. म्हणजे लग्न रीतसर पार पडलं. तुळाजीच्या आईनं दोन वेळा पदर डोळ्यांना लावला. चौतीस वर्षांत त्या बाईनं एवढा आनंद पाहिला नव्हता.

उंबऱ्यावर माप ठेवायचं, ओवाळायची तयारी करायची, म्हणून आई, मामा आणि बायका टेम्पोनं पुढे निघाल्या. जाताना मामांनी जेवणाच्या पैशांचं पाकीट तुळाजीच्या हातात दिलं.

"ह्ये बिल तात्यांस्नी दे आन् जीपगाडीनं मागनं ये."

नवरीला घेऊन ये, एवढं सांगायचं राहिलं. हेही सांगावं लागतं, असं मामांच्या मनातच आलं नाही.

तुळाजीनं पाकीट दिलं. तात्या ते घेऊन आत गेले. तुळाजी अंगणात उभा राहिला. थोड्या वेळानं तात्या बाहेर आले. पाहुणे निघायच्या बेतात होते, म्हणून त्यांच्या एका हातात बडीशेपेची ताटली होती. दुसऱ्या हातात उज्ज्वलाचा हात होता. हिरवा शालू, हातभर चुडा, डोळे रडून सुजलेले. तात्याही रडत होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "लई जीव लावून वाढवली. आता तुमास्नी देतो. घेऊन जावा."

तुळाजीनं पाहिलं. बिल भरलेलं होतं. माणूस आत जाऊन आला होता. पुढे बडीशेप होती. आणि द्यायला आणलेलं समोर उभं होतं.

त्यानं हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या, तात्या. तुमालाच ठेवा."

तो जीपमध्ये जाऊन बसला. ड्रायव्हर म्हणाला, "आन् वैनी?"

"चल. मागं वळून बघायचं न्हाई," तुळाजी म्हणाला. तात्या ताटली घेऊन उभेच राहिले. उज्ज्वलाचं रडू मात्र जागच्या जागी थांबलं.

गावात सगळी आळी गोळा झाली होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं होतं. आई निरांजनाचं ताट घेऊन दारात उभी होती. जीप आली. मुंडावळ्या सावरत तुळाजी एकटाच उतरला. आईनं जीपमध्ये डोकावून बघितलं. पुढे बघितलं, मागे बघितलं.

"तुळा, नवरी कुठं हाय?" मामांनी विचारलं.

तुळाजीनं छाती पुढे काढली. चौतीस वर्षांत आज पहिल्यांदा त्याचं काही चुकलं नव्हतं.

"मामा, तात्या आलं हुतं की घेऊन, द्यायला. लोक निस्ता धावा हिस्सा ठेवत्यात. म्या आख्खी ठिवून आलो."