सात दिवस बांधलेली नाव

नदीकाठच्या एका गावात एकच नाव होती आणि ती चालवणारा एकच नावाडी होता. बारा वर्षांत त्याने एक दिवसही खाडा केला नव्हता.

एकदा त्याची बायको चिमा तापाने फणफणली. घरात तिसरं माणूस नव्हतं. नावाड्याने नाव काठाला बांधली आणि पाटलांना सांगितलं, की ती उठून बसेपर्यंत आपण कामावर येणार नाही. पाटील चिडले. आता लोकांना दोन कोस चालून, पाणी उथळ असलेल्या उतारातून नदी ओलांडावी लागणार होती. नावाड्याने घरी येऊन चुलीवर पेज ठेवली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पलीकडून हाक आली, "नाव आण."

आवाज मोठा नव्हता, तरी एवढी रुंद नदी ओलांडून तो थेट कानाशी आला. पाखरं गप्प झाली. नावाड्याने दारातून पाहिलं. पैलतीरावर एक उंच माणूस उभा होता. पाण्यात काठावरच्या झाडांची प्रतिबिंबं दिसत होती, त्याचं दिसत नव्हतं.

मग रोज त्याच वेळी हाक येऊ लागली. हाक आली, की चिमाचं तापलेलं अंग एकदम गार पडे. नावाडी तिचे तळपाय चोळत बसे.

पाचव्या दिवशी त्या रोजच्या हाकेने घाबरून पाटील आले. त्या माणसाला एकदाचं अलीकडे आण, तोवर माझी बायको चिमाजवळ बसेल, असं ते म्हणाले. चिमाही पुटपुटली, "जाऊन या. लोक खोळंबलेत."

नावाडी उठला, पण दारातच थांबला. पैलतीराकडे पाहून तो ओरडला, "माझी बायको आजारी आहे. मी येणार नाही."

पलीकडून शांत उत्तर आलं, "ठाऊक आहे मला."

नावाडी आत आला आणि पुन्हा तिच्या पायाशी बसला.

सातव्या दुपारी हाक आली नाही. चिमाला दरदरून घाम फुटला आणि तिने मीठ घातलेली पेज मागून घेतली.

आठव्या दिवशी ती उठून बसली, तेव्हा नावाड्याने नाव सोडली. पैलतीरावर एक म्हातारी लाकडं वेचत होती. ती म्हणाली, "त्या पाहुण्याला मी उताराची वाट दाखवली होती. पण तो म्हणाला, ज्या घरी जायचं, त्या घरच्या माणसाने आणल्याशिवाय मला तिथे जाता येत नाही."

"कुणाच्या घरी जायचं होतं त्याला?" नावाड्याने विचारलं.

"तुझ्या," म्हातारी म्हणाली.

तात्पर्य: घरचं माणूस आजारी असेल, तर काम थांबवून त्याच्याजवळ बसावं. काम आपली वाट पाहू शकतं. त्या माणसाला तेवढा वेळ मिळेलच असं नाही.