घागरीतले आवाज

एकदा काय झालं, एका राजाने मोठ्ठा बांध बांधला. बांधामागे तळं, बांधाखाली गाव. राजाकडे गोसाव्याने दिलेली एक घागर होती. राजाला न आवडणारं कुणी तोंडावर बोललं, की त्याचा आवाज सुर्रकन घागरीत. राजाने मागूनच घेतली होती तसली, बरं का.

मग बांधाला भेग पडली. गवंडी म्हणाला, भेग आहे. गेला आवाज. कोळीण म्हणाली, पाणी झिरपतंय. तिचाही गेला. प्रधानाची दाढी बेंबीपर्यंत, पण खरं बोलायची वेळ आली की त्याला खोकला यायचा. दरबारातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना यायचा.

खालच्या गावातली रेवू राजाने सून म्हणून पसंत केली. बैठकीत तिच्या बाबांनी भेगेचा विषय काढला, नि तेही मुके झाले. मग लग्न लागलं. वरात बांधावरून निघाली. रेवूने पाहिलं, भेगेत आता हात जाईल. आणि खाली अंगणात तिचे धाकटे भाऊ खेळत होते.

राजाच्या दारात बायकांनी तिला अडवलं. नाव घे, मगच आत. उखाणा चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नसतं, राजानेसुद्धा. रेवूने श्वास घेतला.

"बांधाच्या डोळ्यांत पाणी, पदरानं कुणी पुसेना,
बांधणारा बाप त्याचा जवळ येऊन बसेना.
बाप बसेल लेकराजवळ, मगच येईन घरात,
उदाजीरावांचं नाव घेते, उभी तुमच्या दारात."

घागर जराशी हलली. पण हे खरं बोलणं की नाव घेणं, तिला कळेचना. प्रधान खोकला. रेवू काही माप ओलांडेना. ऊन चढलं, बायका कुजबुजल्या, नवरदेव गालात हसला. शेवटी राजा म्हणाला, बघू तरी, माझा बांध रडतो म्हणजे काय. तसाच अनवाणी गेला. भेगेला हात लावला. पाणी मनगटावरून ओघळलं.

"चुकलं माझं," राजा म्हणाला.

घागरीला सगळे सारखे. राजाचाच आवाज सुर्रकन निघाला. पण जन्मभर ओरडून फुगलेला तो, मावतोय कुठला? फट्दिशी घागर फुटली आणि सगळे आवाज आपापल्या घशात परतले. रेवूचे बाबा पहिलं काय बोलले असतील?

"जेवलीस का गं?"

मग सगळ्यांनी मिळून भेग बुजवली. प्रधानालाही मातीच्या पाट्या वाहायला लावल्या, तिथेच त्याचा खोकला बरा झाला. रेवूने माप ओलांडलं, सगळे पुरणपोळी जेवले नि सुखाने नांदले.

बांध आता पक्का आहे. मिटा डोळे.