रानमांजरीचं धारोष्ण दूध

जनावरंही बाजार भरवत, तेव्हाची गोष्ट. रानमांजरी म्हशीचं धारोष्ण दूध विकायची. "तापवलं की दुधाचा सगळा कस जातो," असं गिऱ्हाइकांना सांगायची. ते कच्चं दूध पिऊन सशिणीची पोरं आजारी पडली.

बाजाराचे तपासनीस साळिंदरराव आले. "दूध तापवूनच विकायचं, असा नियम आहे."

"नियम करणाऱ्यांना चव काय कळणार?" मांजरी फणकारली. गिऱ्हाइकांनीही माना डोलावल्या.

"मग सगळ्यांसमोर आधी एक वाटी तुम्हीच प्या, बाई. हवं तर डोळे मिटून."

मांजरीने दुधाच्या कॅनमध्ये डोकावून पाहिलं. "आज माझा उपास आहे."

"उपासाला दूध चालतं की," सशीण मागून म्हणाली.

मांजरी चूल पेटवायला उठली.