सात तासांचा दिवस

“सात तास? ते कसे काढलेस?” मठाच्या ओसरीवर शेंगा सोलता सोलता अप्पांनी विचारलं.

रेवणसिद्ध खुलला. लहानपणी याच ओसरीवर तो अप्पांकडून पाढे शिकला होता. आता तो सरकारी सांख्यिकी कचेरीत अधिकारी होता. टॉवेलच्या कारखान्यांतल्या बायका रोज साधारण किती तास काम करतात, याची पाहणी त्याने नुकतीच पुरी केली होती.

त्या आकड्यावरून वस्तीतल्या नव्या पाळणाघराची वेळ ठरणार होती. सकाळी नऊला उघडायचं, पाचला बंद. उद्या अहवालावर सही व्हायची, म्हणून तो आशीर्वादाला आला होता.

त्याने सगळी रीत समजावून सांगितली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरं निवडायची. दारोदार जाऊन रोजचे तास विचारायचे. जेवणाची सुट्टी वजा करायची, जादा पाळी धरायची नाही. मग सरासरी.

“एकही रकाना रिकामा नाही, अप्पा.”

“दाराला कुलूप असलं तर?”

“शेजारचं उघडं घर घ्यायचं.”

“आणि जायचात कधी?”

“दुपारी. कचेरीच्या वेळेत.”

अप्पा हसले. “सातच्या पाढ्यावर नेहमी अडायचास. अजून तिथंच आहेस.”

रेवणसिद्धही हसला. मग वाकून पाया पडू लागला.

“थांब. आधी हिला धर.”

अप्पांनी ओसरीवर टांगलेल्या झोळ्यांपैकी एकीतून एक तान्ही पोर उचलली आणि त्याच्या हातात दिली. पाळणाघर सुरू होईपर्यंत वस्तीतली मुलं मठातच असत. हिची आई अंबूबाई टॉवेलच्या कारखान्यात होती. ती आली की आशीर्वाद देतो, असं अप्पा म्हणाले.

साडेपाच वाजले होते. आत्ता येईलच, असं म्हणून रेवणसिद्ध ऐटीत मांडी घालून बसला.

पोरीने त्याचं पेन ओढलं. शर्टावर लाळ गाळली. मग भोकाड पसरलं. काहीच सुचेना, तेव्हा तो सातचा पाढा म्हणू लागला. पोर हसली, म्हणून पुन्हा म्हटला.

दिवेलागण झाली. डास आले. अहवालाची गुंडाळी करून तो पोरीला वारा घालत राहिला.

शेंगा संपल्या. बाकीच्या झोळ्याही भरलेल्याच होत्या.

त्याचा हात थांबला. त्याने झोळ्यांकडे पाहिलं… मग हातातल्या गुंडाळीकडे.

“अप्पा…” तो हळूच म्हणाला, “हिची आई येणार कधी?”

अप्पांनी टरफलं झटकली.

“तुझ्या कागदावर तर ती मघाशीच येऊन गेली.”