महाराज मयत झाले त्याची गोष्ट

"म्हातारी मेली आहे," कारकून म्हणाला.

"अहो, ही काय समोर उभी आहे!" येसू कासारीण म्हणाली.

येसूची सासू गोदाक्का खरंच समोर उभी होती. वर खोकतही होती.

"पोर्टलवर मयत आहे. घर पुतण्याच्या नावावर चढलंय. चला, पुढचा कोण?"

झालं होतं असं. मागच्या खेपेला रांगेत कारकुनाने म्हातारीला तिचा गुप्त आकडा विचारला. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून विचारला. तिनेही ओरडूनच सांगितला. मागे पुतण्या उभा. आयतं घबाड लागलं मेल्याच्या हाती! त्याच आकड्याने पोर्टल उघडून त्याने म्हातारीला मयत लिहून टाकलं.

येसूने सासूचा हात धरला आणि थेट दरबार गाठला.

"अशक्य!" राजा रणधवल म्हणाला. "आमचं पोर्टल कधी चुकत नाही. त्याला पोलादी दारं आहेत, नंग्या तलवारींचा पहारा आहे. आत मुंगी शिरणार नाही!"

"मुंगी नाही शिरली महाराज, पुतण्या शिरला."

राजा तापला. "जिभेला काही हाड? उद्या दुपारपर्यंत तू आत शिरून दाखव! कुलपाला हात लावायचा नाही, पहारेकऱ्याला लाच द्यायची नाही, कुणाला काही विचारायचंही नाही. जमलं तर घर तुमचं. नाहीतर दोघींनी राज्यातून चालतं व्हायचं!"

"चालतं व्हायचं होऽऽ!" भालदार गरजला.

महाराज जे बोलतील ते भालदाराने सगळ्यांना ऐकवायचं, असा त्या दरबाराचा रिवाज होता. महाराजांनी पाणी मागितलं तरी तो ललकारी देई. पिढीजात मान, मोडणार कोण?

गोदाक्काला रडू फुटलं. "ह्या वयात कुठं जायचं गं?"

"कुठं नाही जायचं, आत्याबाई," येसू म्हणाली. तिने भालदाराकडे नीट पाहून घेतलं होतं.

सकाळी ती बांगड्यांची टोपली घेऊन दरबाराच्या पायरीवर बसली. आत कारकुनाने मुजरा केला. "महाराज, पोर्टल उघडतो. आपला गुप्त आकडा?"

राजा कारकुनाच्या कानाशी वाकला आणि अगदी हळू पुटपुटला.

"सात नऊ दोन एक होऽऽ!" भालदार गरजला.

येसूने मोबाइल काढला.

दुपार झाली. महाराजांची थाळी काही येईना. आचारी हात जोडून आला, डोळे पुसत.

"मयताला थाळी वाढता येत नाही, महाराज. आपण सकाळीच गेलात. फार थोर होतात!"

"अरे गाढवा, मी समोर बसलोय!"

"दिसताय खरे. पण पोर्टल चुकत नाही, असं आपणच म्हणायचात."

राजाची नजर पायरीकडे गेली. "तू! आमचा आकडा तुला फोडला कुणी?"

"आपणच सांगितलात, महाराज. भालदारांनी नीट ऐकवला. मला विचारावंही लागलं नाही."

राजा उपाशी पोट धरून जो हसत सुटला, तो थांबेचना!

"हरलो, बाई! आता आम्हाला जिवंत कर, भूक लागली आहे."

"आधी आत्याबाई," येसू म्हणाली. "त्या तुमच्या आधी गेल्यात. रांग आहे, महाराज!"

मग गोदाक्का जिवंत झाली. घर परत तिच्या नावावर चढलं. राणीवशाला बांगड्या भरायचा मान येसूला मिळाला. त्यानंतर महाराज जिवंत झाले आणि थाळी आली.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने नवा आकडा विचारला, तेव्हा महाराजांनी आधी भालदाराच्या तोंडात एक मोठा लाडू कोंबला.