तीन बोटांचा पंजा

हे मला सांगायचं नव्हतं. मागल्या आठवड्यात शहरातल्या कॉलेजची पाच-सहा पोरंपोरी आणि त्यांच्या मॅडम गावात आल्या. पाट्या मोजायला. लोक इकडं डोंगर बघायला येतात, करवंदं खायला येतात. हे पाट्या बघायला आले. एसटीच्या थांब्याची पाटी, रेशन दुकानाची पाटी, गिरणीवरची ‘दुपारी दळण बंद’, सगळ्यांचे फोटो काढले. भाषा कोणती, रंग कोणता, लावली कुणी, सगळं वहीत उतरवून घेतलं. आणि एक सोडून प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात गेरूचा पंजा दिसला तेव्हा थबकले. पंजाला बोटं तीनच.

“बाबा, याचं काय आहे?” मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, चावडीत विचारा. चावडीतल्यांनी परत माझ्याकडंच धाडलं. सांगता सांगता माझा चहा गार झाला. वर म्हणाल्या, लिहूनच द्या. बरं, देतो. पण एकदाच.

आमच्या आंबेतळे गावाच्या वरच्या अंगाला तळं आहे. त्याच्या काठावर कमरेएवढा धोंडा उभा आहे. त्याच्यावर शेंदराचं इतकं जाड पूट चढलंय की आत दगड आहे की नाही याची शंका यावी. वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य आहेत, हात फिरवला तर बोटांना लागतात. त्याला आम्ही शेंदऱ्या म्हणतो. त्याच्या पोटात अक्षरं आहेत. ती कुणी खरवडून वाचलेली नाहीत आणि मी जिवंत आहे तोवर कुणाला वाचू देणार नाही.

असं सांगतात की त्या काळी समोरच्या डोंगरावरचा गड नांदता होता. गडावर हवालदार होता, त्याच्या हाताखाली कारकून, शिपाई आणि घोड्यांची पागा. खाली गावात मालू नावाचा पाथरवट राहायचा. जाती-पाटे घडवावेत, देवळाच्या पायऱ्या बसवाव्यात, हा त्याचा धंदा. हात असा चालायचा म्हणे, की दगडाला ठाऊक असावं आपल्याला काय व्हायचंय. पण लिहिता-वाचता त्याला येत नव्हतं. त्या काळी पाथरवटाला कुठून येणार? कारकुनानं गेरूनं दगडावर अक्षरं काढून द्यायची, पाथरवटानं त्या रेघेवरून छिन्नी चालवायची. अक्षर म्हणजे त्याच्या लेखी वेलबुट्टीच.

एका साली पाऊस ओढला. चैत्रातच विहिरी तळाला गेल्या, ओढ्यात नुसते गोटे राहिले. पाणी होतं ते फक्त तळ्यात. तेव्हा गडावरून मालूला बोलावणं आलं. हवालदारानं एक ताशीव धोंडा दाखवला. कारकुनानं त्यावर सात ओळी गेरूनं काढल्या, वर चंद्र-सूर्य काढले आणि म्हणाला, “खोद.”

मालूनं विचारलं, “काय लिवलंय, पंत?”

“तुला काय करायचंय? रेघ चुकवू नकोस म्हणजे झालं.”

मालूनं रेघ चुकवली नाही. आठ दिवस खपून त्यानं धोंडा पुरा केला. शिपायांनी तो तळ्याच्या काठावर आणून उभा केला आणि निघून गेले. दवंडी नाही, चावडीवर सांगणं नाही, काही नाही. हवालदाराच्या मनात असं की लिहिलं म्हणजे कळवलं.

आता गावानं काय करावं? सकाळी गुरं घेऊन माणसं तळ्यावर गेली तर नवा कोरा धोंडा उभा, माथ्यावर चंद्र-सूर्य, अंगभर नक्षी. लोकांना वाटलं, गडावरून देव पाठवला. दुष्काळाचं साल, पाण्याच्या काठी देव उभा राहिला, आणखी काय पाहिजे? सगळ्यांत आधी ठकूबाईनं हात जोडले. ठकूबाई म्हणजे नवऱ्याच्या माघारी तीन म्हशींवर घर चालवणारी, तोंडानं तिखट म्हातारी. तिनं तेल-शेंदूर आणला आणि धोंड्याला चोपडला. मग सगळ्या गावानं चोपडला. मालूनंही नमस्कार केला. धोंडा आपणच घडवला हे त्याला ठाऊक होतं. पण मूर्तीसुद्धा पाथरवटच घडवतो, मग त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. महिनाभरात अक्षरांच्या खाचा बुजून गेल्या.

एक दिवस भर दुपारी शिपाई आले आणि ठकूबाईला म्हशींसकट धरलं. तळ्यापाशी हवालदार घोड्यावर बसलेला. सगळा गाव गोळा झाला. हवालदार म्हणाला, “या तळ्याचं पाणी गडाच्या घोड्यांचं. दुसऱ्या कुणाचं जनावर इथं पाणी प्यालं तर जनावर गडावर जमा आणि धन्याचा उजवा हात कलम. महिना झाला लेख लावून. तरी हिची हिंमत झाली!”

ठकूबाई म्हणाली, “कुटं लिवलंय?”

“हा काय समोर!”

“ह्यो? ह्यो तर देव हाय. रोज पाया पडतो आम्ही त्येच्या. तुमचे शिपाई बी पडत्यात, इचारा की त्यास्नी.”

शिपायांनी माना खाली घातल्या. खरंच पडत होते ते.

मालू गर्दीत उभा होता. सात ओळी. आठ दिवस. म्हातारीचा हात तोडायचा हुकूम त्यानं स्वतःच्या हातानं, रेघ न चुकवता खोदला होता. वर त्याच्याच पाया पडला होता. आणि एका म्हातारीवर हे थांबणार नव्हतं. तळं बंद झालं की गुरं मरणार, गुरं मेली की गाव उठून जाणार.

हवालदारानं कारकुनाला फर्मावलं, “वाचून दाखवा.” कारकून पुढं झाला. वाचणार काय? समोर नुसता शेंदूर. हवालदार म्हणाला, “खरवडा.” कारकुनानं हात मागं घेतला. “सरकार, माझ्या घरी पोरंबाळं आहेत. पुजलेला शेंदूर मी नाही काढायचा.” शिपायांना सांगितलं, तर एकेकानं पायातलं पायताण काढलं आणि दोन पावलं मागं सरला. मग हवालदाराची नजर मालूवर गेली.

“तू घडवलायस ना? छिन्नी घे. साफ कर.”

मालू म्हणाला, “न्हाई करायचा.”

“का? तुलाही देव वाटतो?”

“देव हाय का दगूड हाय ते मला कळत न्हाई. पण अक्षर माज्या हातानं खोदलं आन काय खोदलं त्ये मला ठाव न्हवतं. मंग हिला कसं ठाव असंल? तुमी दगडाला सांगितलं. मानसाला कवा सांगितलं?”

हवालदार घोड्यावरून उतरला. त्यानं जवळ पडलेली पहार उचलली आणि स्वतःच धोंड्यापाशी गेला. तेव्हा मालूनं आपला उजवा हात धोंड्यावर ठेवला, बोटं पसरून, शेंदरावर. म्हणाला, “हात तोडायचा तर ह्यो तोडा. ह्येनंच लिवलं. म्हातारीचा कशापायी?”

हवालदाराला वाटलं, घाबरून ओढून घेईल. त्यानं पहार हाणली. मालूनं हात काढला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिथंच तुटलं.

पाथरवटाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली म्हणजे धंदा गेला. मालूला ते आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी त्यानं काय केलं? तोच हात उचलला आणि परत तिथंच टेकवला. तीन बोटांचा पंजा ओल्या रक्ताचा उमटला. म्हणाला, “आता ह्येचं बी अक्षर झालं. वाचा.”

पुढचं जरा वेगवेगळं सांगतात. कुणी म्हणतं, त्या दिवसापासून गडाच्या घोड्यांनी तळ्याला तोंड लावलं नाही. तीन दिवस नेलं, तीन दिवस फुरफुरत माघारी फिरले, आणि म्हशी मात्र खुशाल डुंबत राहिल्या. घोड्यांचं मला काही पटत नाही, पण सांगतात तसं सांगितलं. मला एवढं पटतं की शिपायांनी ठकूबाईला सोडलं आणि हवालदारानं परत धरा म्हटल्यावरही धरलं नाही. ज्याचे शिपाई हलत नाहीत त्याचा लेख कसला आणि हुकूम कसला? चौथ्या दिवशी कारकून एकटा गावात आला, पायी आला, आणि मालूच्या ओट्यावर बसून म्हणाला, “तुझं म्हणणं काय?”

मालूचा हात फडक्यात बांधलेला होता. तो म्हणाला, “ह्या गावात काय बी लिवून लावायचं तर आधी मोठ्यानं वाचायचं. ज्याला वाचता येत न्हाई त्येला समोर बसवून वाचायचं. त्येला कळलं आन त्यानं पंजा दिला, तर ती पाटी. न्हाई दिला, तर त्यो नुसता दगूड.”

कारकुनानं गडाच्या वतीनं होकार दिला. तळं गावाचं राहिलं. मालूनं नंतर डाव्या हातानं छिन्नी धरून बघितली, जमलं नाही. शेवटपर्यंत तो ठकूबाईच्या म्हशी राखत होता, आणि गावात काही लिहून लागायचं झालं की गेरूत हात बुडवून पंजा द्यायला त्यालाच नेत. त्याच्या माघारी जो पंजा देई तो शेवटची दोन बोटं मुडपून देऊ लागला.

तेव्हा हे ऐकून त्या पोरांतल्या एकीनं विचारलं, ठकूबाईला खरंच माहीत नव्हतं का हो? मी काय सांगू? मी होतो का तिथं? माहीत असेल तर आणखी चांगलं. माहीत असून शेंदूर चोपडला असेल तर त्या बाईच्या पाया पडावं.

आजही आंबेतळ्यात पंजाशिवाय पाटी लागत नाही. शाळेची असो, दवाखान्याची असो, डांबरी रस्त्याची असो. पंजा देते ताराबाई दुधवडे. तिला अक्षर येत नाही आणि शिकायचंही नाही, म्हणते, शिकले तर मग गावाला दुसरं कोण मिळणार? वाचून मी दाखवतो. तिसरीपर्यंत शिकलोय, बोट ठेवून वाचतो, वेळ लागतो. लागू दे.

गेल्या फाल्गुनात पंचायतीनं तळ्याचं सुशोभीकरण काढलं. बाकडी आली, दिवे आले आणि एक भली मोठी चकचकीत पाटी आली. मी ताराबाईला समोर बसवून वाचली. चौथ्या ओळीत होतं, ‘जनावरांना पाण्यावर आणण्यास सक्त मनाई’. ताराबाई उठली, पदराला हात पुसले आणि घरी गेली. मी म्हटलं, झालं, ही पाटी नाही. तेव्हा सगळ्या गावासमोर मला ऐकवलं गेलं की बोट ठेवून वाचणाऱ्या म्हाताऱ्यानं आणि अंगठेबहाद्दर बाईनं पंचायतीला कायदा शिकवू नये. पाटी रोवली. अजून तिथंच आहे, पंजाशिवाय. रोज सकाळी तिच्याच खाली सगळ्या गावाच्या म्हशी पाणी पितात, माझ्या दोन धरून, आणि त्यातली एक तिच्या खांबाला पाठ घासते.

मॅडम, तुमच्या वहीत पाटी कुणी लावली याचा रकाना आहे. त्या पाटीपुढं नाव लिहा: उपसरपंच निवृत्ती बाळा शेंडकर. आणि त्याच्यापुढं लिहा, या माणसानं ताराबाईची आणि माझी माफी अजून मागितलेली नाही.