टॉवेल कुणाच्या हातात

“मग तुम्हीच सांगा ना, उस्ताद. आजवरची सगळ्यात भारी फाइट कोणती?”

हर्षल बोरुडेने विचारलं खरं, पण उत्तर त्याच्याकडे तयारच होतं. समोरच्याने चुकावं आणि आपण दुरुस्त करावं, एवढ्यासाठीच काही लोक प्रश्न विचारतात. हर्षल त्यांतला.

सुभेदार शांतवन साळवे पंचिंग बॅगची उसवलेली शिवण दाभणाने शिवत होते. भिंगारच्या छावणीमागे, एका जुन्या तबेल्यात त्यांची बॉक्सिंगची तालीम होती. फौज सोडून बावीस वर्षं झाली होती. वय एकाहत्तर, छातीत दोन स्टेन्ट. फौजेत शिकवणाऱ्याला म्हणतात तसं पोरं त्यांना ‘उस्ताद’ म्हणत.

“तूच सांग,” ते म्हणाले. “तू रोज मोबाइलवर बघतोस. मी आपला सुईदोऱ्याचा माणूस.”

“हा मुनीर म्हणतो, कमीत कमी मार खाऊन जिंकली ती भारी.”

दोरीवरच्या उड्या मारणारा मुनीर थांबला. ऐंशी किलोचा अबोल गडी.

“मी म्हटलं, डोकं चालवून जिंकली ती.”

“ते बुद्धिबळ झालं!” हर्षल उसळला. “उस्ताद, भारी फाइट म्हणजे कुणीच मागे हटत नाही ती. डोळे सुजून बंद झालेत, बरगडी मोडलीये, पण घंटा झाली की दोघंही उभे. मध्येच थांबवलेली फाइट कुणाच्या लक्षात राहते?”

“हं…”

“म्हणजे टॉवेल पडला नाही, म्हणून ती भारी झाली.”

उस्तादांचा हात थांबला. पोरगा इतका वेळ कुठे निघाला होता ते त्यांना आता कळलं.

रिंगच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या उस्तादाने टॉवेल आत फेकला, की लढत तिथल्या तिथे संपते. आपला गडी हरला, पण घरी धड जाणार, एवढाच त्याचा अर्थ. मागच्या वर्षी जिल्ह्याच्या फायनलला, दुसऱ्याच राउंडमध्ये, साळव्यांनी हर्षलसाठी टॉवेल फेकला होता.

तेव्हापासून नाक्यावरचा चहावाला हर्षलला कपाबरोबर एक फडकं द्यायचा. “असू दे जवळ, लागेल तुला.” सगळी टपरी खो खो हसायची. हर्षलही हसायचा, आणि घरी जाऊन भिंतीवर मुठी आपटायचा.

येत्या रविवारी पुन्हा फायनल होती. समोर देवकाते. महिन्याभरापूर्वी या देवकात्याच्या हातचा मार खाऊन एक पोरगा अकरा दिवस दवाखान्यात होता. अजून त्याला चमचा नीट धरता येत नाही म्हणतात.

हर्षलला भीती वाटत होती. खूप वाटत होती. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहायचा. देवकात्याचा व्हिडिओ लावला की तळहात ओले व्हायचे. पण त्याहून जास्त भीती होती त्या फडक्याची. माणूस मरणापेक्षा चहाच्या टपरीला जास्त घाबरतो, यात हर्षलचं एकट्याचं काही चुकत होतं असं नाही.

“उस्ताद, मला तुमचा शब्द पाहिजे. रविवारी काहीही झालं तरी टॉवेल टाकायचा नाही.”

“काहीही?”

“काहीही. पडलो तर पडलो. तुम्हाला जमत नसेल तर…” तो जरा अडखळला. “तर मी दुसऱ्या कुणाला तरी कोपऱ्यात घेतो.”

मुनीरने मान खाली घातली. आठ वर्षं ज्यांनी हर्षलच्या हातांना पट्ट्या बांधल्या, त्यांच्या तोंडावर हे बोलणं त्याला ऐकवेना.

उस्तादांनी दातांनी दोरा तोडला.

“दिला शब्द.”

हर्षलला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आता रविवारी मधे कुणी येणार नव्हतं. तो आणि देवकाते…

“फक्त एक कर,” उस्ताद उठत म्हणाले. “माझं वय झालं. ती भारी फाइट मला एकदा डोळ्यांनी बघू दे. मुनीर, ग्लोव्हज चढव.”

“कुणाबरोबर, उस्ताद?”

“माझ्याबरोबर.”

मुनीर हसला. मग त्याला दिसलं की उस्ताद चष्मा काढताहेत.

त्यांनी शर्ट खुंटीला अडकवला. औषधाची पुडी शर्टाच्या खिशातच राहिली. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी हर्षलच्या हातात कोंबला.

“तू माझ्या कोपऱ्यात. तीन मिनिटं. मी सांगितल्याशिवाय हा टाकायचा नाही.”

“उस्ताद, चेष्टा पुरे.”

“मी तुला शब्द दिला ना? आता तू दे.”

हर्षलने मुनीरकडे पाहिलं.

“दे.”

“दिला.”

“हेडगार्ड तरी घाला,” मुनीर काकुळतीला आला.

“भारी फाइटमध्ये घालतात का रे, हर्षल?”

उस्तादांनी ग्लोव्ह घातलेल्या मुठीनेच घंटा वाजवली.

मुनीर हात वर धरून नुसता गोल फिरू लागला. उस्तादांचा डावा ठोसा त्याच्या नाकावर बसला. “लाडात येऊ नकोस.” दुसरा बसला. तिसरा. मुनीरच्या डोळ्यांत पाणी आलं, नाकातून रक्ताची धार लागली. चौथ्या ठोशाला त्याचा उजवा हात आपोआप सुटला. तो ठोसा त्याला उस्तादांनीच शिकवला होता.

बरगडीवर धप्प आवाज झाला.

उस्ताद एक पाऊल मागे गेले, लगेच पुढे आले.

“शाबास. असा मार.”

पुढचा ठोसा भुवईवर बसला आणि भुवई फुटली.

हर्षलने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पन्नास सेकंद झाली होती. एवढंच? उस्तादांच्या श्वासातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता, आणि तो तबेल्याच्या या टोकापर्यंत ऐकू येत होता.

“उस्ताद, बास!”

“मागे हटलो का मी?”

नव्हते हटले. तोच तर घोटाळा होता.

मुनीर रडत होता, आणि रडता रडता मारत होता. थांबला की उस्ताद त्याला डिवचत, पुन्हा नाकावरच हाणत. एकदा उस्तादांचा हात छातीकडे गेला आणि लगेच परत वर आला. ठोशाची कळ होती, की दुसरीच? हर्षलला कळेना. खिशातली कुठली गोळी जिभेखाली ठेवायची तेही त्याला माहीत नव्हतं. आठ वर्षांत त्याने कधी विचारलंच नव्हतं.

टॉवेल त्याच्या मुठीत घामाने भिजला. टाकला तर शब्द मोडतो. आणि हा शब्द मोडला, तर रविवारी कुठल्या तोंडाने… त्याने मूठ आणखी घट्ट आवळली. रिंगच्या बाहेर, जिथे त्याला कुणी बोटही लावत नव्हतं, तिथे तो उभ्या आयुष्यात घाबरला नव्हता इतका घाबरला होता.

पोटात एक ठोसा बसला आणि उस्ताद गुडघ्यावर आले.

“टाक ना रे!” मुनीर ओरडला.

उस्तादांनी दोर धरला. एक पाय सरळ केला, मग दुसरा. एक डोळा रक्ताने मिटला होता. ते उभे राहिले आणि त्यांनी मुठी वर केल्या.

हर्षलने असं उठणं शेकडो वेळा पाहिलं होतं. पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं होतं, मित्रांना दाखवलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. आता समोर दिसत होता तो भर रस्त्यात गाड्यांमध्ये सापडलेला एक म्हातारा. कुठल्या बाजूला जावं तेही त्याला कळत नव्हतं.

“ये,” उस्ताद म्हणाले. मुनीर उभा होता त्याच्या भलत्याच बाजूला बघून म्हणाले.

टॉवेल हर्षलच्या हातातून कधी सुटला ते त्याला कळलं नाही. तो पांढरा कपडा रिंगच्या मधोमध जाऊन पडला.

मुनीर होता तिथेच मटकन बसला आणि ग्लोव्हजमध्ये तोंड खुपसून हुंदके देऊ लागला. हर्षल दोरांखालून आत घुसला. त्याने उस्तादांना कवेत धरलं, त्यांच्या छातीवर तळहात ठेवला. आत धडधड चालू होती. जोरात, पण चालू होती.

“माफ करा, उस्ताद… मला नाही बघवलं… मला नाही…”

उस्तादांनी त्याचा हात हळूच बाजूला केला.

मग वाकून त्यांनी टॉवेल उचलला. भुवई पुसली. दुसऱ्या डोळ्याने घड्याळ पाहिलं. दोन मिनिटंही झाली नव्हती.

“का रे थांबवलीस?” ते म्हणाले. “आत्ता कुठे रंगात येत होती.”